पेट्रोल गाडीचे इंजेक्टर: तपासणी, निगा आणि बदली

गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते, पहिल्या गिअरमध्ये उचलताना मागून कुणीतरी खेचल्यासारखी वाटते, ॲव्हरेज लिटरमागे दोन-तीन किलोमीटरने उतरलेलं असतं. गॅरेजमध्ये नेली की बॉनेट उघडायच्या आधीच निकाल लागतो: ‘इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे छोटे व्हॉल्व्ह) चोक झालेत.’ कधी कधी ते खरं असतं. पण हीच लक्षणं स्पार्क प्लग, त्याला ठिणगीची वीज देणारी इग्निशन कॉइल, घाण झालेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग), तडकलेला व्हॅक्यूम पाइप किंवा दमलेला पेट्रोल पंप यांच्यामुळेही दिसतात, आणि ती तपासायला सोपी आणि स्वस्त असतात. म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधीचा भाग मोठा आहे. इंजेक्टर बदलणं फार अवघड नाही. तो बदलायची खरंच गरज आहे का, हे ठरवण्यातच कामाचा मोठा वाटा असतो.

हे काम कोणत्या गाडीवर करायचं आणि कोणत्या नाही

इथे जे सांगतोय ते साध्या एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या पेट्रोल गाड्यांसाठी: ऑल्टो, वॅगन-आर, पेट्रोल स्विफ्ट, सँट्रो, आय-१०, टियागो अशा. यांत इंजेक्टर इंटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीत) बसलेला असतो आणि व्हॉल्व्हच्या मागे पेट्रोल फवारतो. रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब साधारण ३ ते ४ बार. मारुतीच्या अलीकडच्या ड्युअलजेट इंजिनांत एका सिलिंडरला दोन इंजेक्टर असतात, त्यामुळे संख्या दुप्पट, पण तत्त्व तेच.

डिझेल गाडी असेल तर हा लेख फक्त माहितीसाठी वाचा. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे असतो. चालू इंजिनचा पाइप सैल केला तर सुटणारी बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, पण ती तातडीने इस्पितळात जाण्याचीच बाब आहे. शिवाय अनेक डिझेल इंजेक्टरवर कोड छापलेला असतो आणि नवा बसवल्यावर तो ईसीएममध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) भरावा लागतो. ते पंप-इंजेक्टरच्या कारागिराचं काम.

डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्याही, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाची १.० टीएसआय, ह्युंदाईची १.० टर्बो जीडीआय, यातून वगळा. तिथे इंजेक्टर थेट ज्वलनकक्षात उघडतो, टेफ्लॉनची सील बसवायला वेगळं हत्यार लागतं आणि दाबही फार मोठा असतो.

आत काय चालतं

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारा छोटा व्हॉल्व्ह. आत तांब्याच्या तारेची कॉइल, एक सुई, तिला बंद ठेवणारी स्प्रिंग, वरच्या तोंडाशी जाळीचा बारीक फिल्टर आणि खालच्या टोकाला केसासारखी भोकं. चावी ऑन केली की एका वायरवर १२ व्होल्ट कायम येतात; दुसरी वायर ईसीएम क्षणभर अर्थ करतो, म्हणजे बॅटरीच्या मायनसला जोडतो, सुई उचलली जाते, पेट्रोल फवारलं जातं. आयडलिंगला ही उघडझाप एका वेळी दोन-तीन मिलिसेकंदांची. ३००० आरपीएमला प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला २५ वेळा उघडतो. एवढ्या बारीक मोजमापात भोकांवर पातळ थर बसला तरी फरक पडतो.

हा थर बहुतेक गाडी बंद केल्यावर तयार होतो. इंजिन तापलेलं असतं, टोकाला राहिलेला पेट्रोलचा ओलावा वाळतो आणि मागे चिकट राळ उरते. पुढच्या वेळी गाडी बराच वेळ चालली तर वाहत्या पेट्रोलाबरोबर त्यातली थोडी धुऊनही जाते. पण घर ते स्टेशन, स्टेशन ते घर अशी दोन-दोन किलोमीटरची धाव असेल तर थर साचतच जातो. म्हणूनच लाखभर किलोमीटर हायवेवर पळालेल्या गाडीचे इंजेक्टर कित्येकदा चाळीस हजार शहरात चाललेल्या गाडीपेक्षा स्वच्छ निघतात.

सीएनजी लावलेल्या गाड्यांची कथा आणखी वेगळी. बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि थोड्या वेळात गॅसवर जातात. मग दिवसभर पेट्रोलचे इंजेक्टर इंजिनच्या उष्णतेत नुसते भाजत बसतात, त्यांना थंड करणारं पेट्रोल वाहत नाही. टाकीतलं पेट्रोलही महिनोन् महिने तेच. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर पळवा आणि टाकी पाव तरी भरलेली ठेवा, कारण पंपही पेट्रोलमध्ये बुडालेला असला तरच थंड राहतो. सीएनजीचे इंजेक्टर वेगळे असतात; त्यांना हात लावू नका.

आधी तपासा

पहिलं काम स्कॅनर. ब्लूटूथचा साधा ओबीडी डोंगल (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा) आणि मोबाइलवरचं ॲप पुरतं. पी ०३०१, ०३०२, ०३०३ असे कोड आले तर शेवटचा आकडा कोणत्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतोय, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाहीये, ते सांगतो. पी ०२०१ ते ०२०४ आले तर ती त्या त्या इंजेक्टरच्या विजेच्या सर्किटची तक्रार आहे, चोक होण्याची नव्हे. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण सर्किटच्या तक्रारीवर साफसफाई करून काहीच होत नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन तो जाळतं.

त्याच ॲपमध्ये फ्युएल ट्रिम बघा. ऑक्सिजन सेन्सरचा निरोप घेऊन ईसीएम पेट्रोल किती वाढवतोय किंवा घटवतोय, ते हा आकडा सांगतो. लाँग टर्म ट्रिम उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तर सहसा काळजी नाही. अधिककडे गेला असेल तर गाडी आयडलिंगला आणि नंतर अडीच हजार आरपीएमला धरून बघा. आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर नॉर्मल, म्हणजे कुठूनतरी चोरहवा शिरतेय: पाइप, गास्केट, मॅनिफोल्ड. चढावर किंवा पूर्ण रेस दिल्यावर आकडा वाढतो, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय: पंप, फिल्टर किंवा खरोखर चोक झालेले इंजेक्टर. आकडा खोल उणेमध्ये असेल आणि सकाळी पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोलचा वास येत असेल, तर एखादा इंजेक्टर गळत असण्याची शक्यता धरा.

मग अदलाबदल. समजा दोन नंबरचं सिलिंडर मिस करतंय. त्याची इग्निशन कॉइल तीन नंबरला लावा, तीनची दोनला. कोड पुसून गाडी फिरवा. मिसफायर तीनला गेला तर कॉइलच दोषी. नाही गेला तर प्लगची अदलाबदल करा. प्लग काढलेलेच आहेत तर त्यांचा रंगही बघून घ्या: बदामी असेल तर ठीक, काजळी धरलेला ओलसर काळा असेल तर त्या सिलिंडरला पेट्रोल जास्त मिळतंय, पांढरट असेल तर कमी. तरीही निकाल लागला नाही तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घ्या, विशेषतः सीएनजीच्या गाडीत. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर इंजेक्टर कितीही बदला, उपयोग नाही.

आता इंजेक्टरकडे वळा. इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. सैल कपडे, ओढणी, बांगडी, साखळी बेल्टपासून लांब ठेवा. प्रत्येक इंजेक्टरची एकसारखी टिकटिक ऐकू यायला हवी. एखादा मुका असेल किंवा त्याचा आवाज बोदा असेल तर संशय तिथे. त्यानंतर आयडलिंगला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. काढल्यावर इंजिन अडखळायला हवं. जो काढल्यावर काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हतं. काही जण ही परीक्षा इग्निशन कॉइलचा कनेक्टर काढून घेतात. तसं करू नका. त्यात पेट्रोल फवारलं जातं पण पेटत नाही, आणि ते सगळं कन्व्हर्टरमध्ये जातं. इंजेक्टरचा कनेक्टर काढला तर पेट्रोलच बंद होतं.

इंजिन बंद करून मल्टिमीटर ओहमवर लावा आणि इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये मोजा. या प्रकारच्या गाड्यांत साधारण ११ ते १६ ओहम येतात. नेमका आकडा किती यापेक्षा सगळे जवळपास सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. एक १३ आणि बाकी दोन १२.८ असतील तर ठीक. एक अमर्याद दाखवत असेल तर आतली कॉइल तुटली. गाडी तापल्यावरच मिस करत असेल तर हेच माप गरम इंजिनवर पुन्हा घ्या. मग चावी ऑन करून सुट्या कनेक्टरच्या दोन पिनांपैकी एकीवर १२ व्होल्ट येतात का बघा.

वायरिंगकडे खास लक्ष द्या, कारण आपल्याकडे इंजेक्टरचा बराच त्रास उंदीर-घुशींनी केलेला असतो. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चार दिवस उभी राहिली की बॉनेटखालच्या कोरड्या जागेत ते मुक्काम ठोकतात. आमच्याच इमारतीतल्या एका वॅगन-आरला तिन्ही इंजेक्टर बदलायचं एस्टिमेट मिळालं होतं. आम्ही वायरिंगच्या काळ्या पन्हाळी पाइपला हात लावला तर तो खालच्या बाजूने पोकळ लागला. फिरवून बघितला तर दोन नंबरच्या इंजेक्टरची एक वायर तांबं दिसेपर्यंत कुरतडलेली आणि दुसरी दोनच तारांवर टिकून होती. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नव्हतं. वायर जोडून, झाळून, हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवल्यावर गाडी पहिल्यासारखी चालायला लागली. तेव्हा वायरिंग नुसतं डोळ्यांनी बघू नका, बोटांनी चाचपा.

निगा

निगा राखण्यासारखं फार काही नाही, पण जे आहे ते नियमित करा. खप असलेल्या पंपावर पेट्रोल भरा. टाकी रिकामी होईपर्यंत चालवू नका. दोष तळाच्या गाळापेक्षा पंप तापण्याचा जास्त. जुन्या अनेक गाड्यांत पेट्रोल फिल्टर बाहेर, गाडीखाली असतो. तो मॅन्युअलमधल्या किलोमीटरप्रमाणे बदला. नव्यांत तो टाकीतल्या पंपाबरोबरच असतो आणि वेगळा सहसा बदलला जात नाही.

बाटलीतल्या इंजेक्टर क्लीनरबद्दल सगळेच विचारतात. माझं मत असं: बाटलीवर पॉलीइथर अमाइन लिहिलेलं असेल तर ते टोकावरचा मऊ थर उतरवायला मदत करतं, दहा हजार किलोमीटरला एकदा टाकायला हरकत नाही, आणि ते इंजिन ऑइल बदलायच्या थोडं आधी टाकलेलं बरं. पण पूर्ण बुजलेला, गळणारा किंवा कॉइल गेलेला इंजेक्टर बाटलीने सुधारत नाही. दर सर्व्हिसला बिलात ‘इंजेक्टर क्लीनिंग’ म्हणून रक्कम लागत असेल, तर आपल्या ट्रिमचे आकडे ठीक आहेत ना, एवढं बघा आणि ठीक असतील तर नको म्हणा.

इथेनॉलचाही विचार हवा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप आणि रबर त्याला चालतील असे आहेत. त्याआधीच्या गाडीत ओ-रिंग, म्हणजे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, लवकर कडक होऊ शकतात, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. कोकणात पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते, आणि पंधरा दिवसांनी एकदा गाडी नीट तापेपर्यंत चालवा.

उतरवण्याची तयारी

जागा मोकळ्या हवेतली हवी. बेसमेंटचं पार्किंग अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि कुठल्याही ठिणगीला पोचते. इंजिन पूर्ण गार, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी. हाताशी पावडरचा अग्निशामक, डोळ्यांना गॉगल, नायट्राइलचे हातमोजे, एलईडी टॉर्च आणि सोबत एक माणूस. सिगारेट ओढणाऱ्या प्रेक्षकाला आधी घरी पाठवा.

हत्यारं साधीच: गोट्यांचा सेट (या कामात बहुधा १० आणि १२ नंबर), एक्स्टेन्शन, सुईनाक्या पक्कड, मऊ ब्रश, भरपूर सुती फडकी, लेबलासाठी मास्किंग टेप. टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला वरची-खालची नवी ओ-रिंग आधी आणून ठेवा. गाडी उघडल्यावर दुकान शोधत फिरायचं नाही. ओ-रिंग व्हायटॉनची मागा, साध्या काळ्या रबराची नको; साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर चेसिस नंबर सांगितला की नेमकी मिळते.

उतरवणं

१. दाब काढा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या नकाशात पेट्रोल पंपाचा रिले (पंपाला वीज देणारा डबीसारखा स्विच) शोधा आणि काढा. गाडी सुरू करा. रेलमधलं पेट्रोल संपलं की ती आपोआप बंद पडेल. मग दोन-तीन सेकंदांचा सेल्फ एक-दोनदा मारा. चावी काढा.

२. बॅटरीची मायनस काढा आणि टोक बाजूला बांधून ठेवा.

३. एअर फिल्टरचा डबा, त्याचा पाइप आणि वाटेत येणारं बाकीचं बाजूला करा. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढा. बसवताना ‘हा पाइप कुठला’ या प्रश्नाला त्याच्याइतकं चांगलं उत्तर नाही.

४. इंजेक्टरच्या बुडाभोवतीची धूळ ब्रशने आणि हवा मारून साफ करा. इथे वेळ द्या. इंजेक्टर निघाला की त्या भोकातून पडलेला वाळूचा कण सरळ इंजिनमध्ये जातो.

५. कनेक्टर काढा. कुलूप दाबून कनेक्टरच्या अंगाला धरून ओढा, वायरला धरून नव्हे. दहा वर्षांच्या उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. घाई केली की कुलूप तुटतं आणि मग गाडी खड्ड्यातून गेली की कनेक्टर निसटायला लागतो. टेपवर नंबर लिहा. एक नंबरचं सिलिंडर टायमिंग चेनच्या किंवा बेल्टच्या बाजूचं.

६. रेलकडे येणाऱ्या पेट्रोलच्या पाइपभोवती फडकं गुंडाळा आणि क्विक कनेक्टर दाबून सोडवा. दाब काढलेला असला तरी थोडं पेट्रोल येतंच. उघड्या तोंडाला स्वच्छ प्लॅस्टिक बांधा.

७. रेलचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सैल करून काढा. बोल्टखाली प्लॅस्टिकचे स्पेसर असतील तर ते कुठे होते ते टिपून ठेवा.

८. रेल दोन्ही टोकांना धरा, हलकेच डोलवत सरळ वर ओढा. सगळे इंजेक्टर रेलबरोबर निघाले पाहिजेत. अडकलं तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचं असतं आणि त्याची कड मोडली तर इंजेक्टरपेक्षा मोठा खर्च बसतो. खालच्या रिंगेच्या जागी थोडं स्वच्छ इंजिन ऑइल सोडून दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा डोलवा.

निघाल्यावर ताबडतोब मॅनिफोल्डची भोकं स्वच्छ फडक्याने किंवा टेपने बंद करा. मग खालच्या रिंगा मोजा. तीन इंजेक्टरवर दोनच दिसत असतील तर तिसरी भोकाच्या कडेला चिकटून राहिली आहे. ती तिथेच ठेवून वर नवी बसवली तर हवा शिरणारच. पुढे क्लिप सरकवून इंजेक्टर रेलमधून किंचित पिळत बाहेर काढा आणि प्रत्येकाला त्याचा नंबर लावा.

साफ करायचे की बदलायचे

काढलेले इंजेक्टर आधी टेस्टिंगला न्या. अल्ट्रासोनिक टाकी आणि काचेच्या नळ्यांचं मशीन असलेली दुकानं आता जिल्ह्याच्या गावीही सापडतात. समोर उभं राहून बघा. आधी साफ न करता टेस्ट करायला सांगा, म्हणजे आजार कळेल. सगळ्या नळ्यांत ठरलेल्या वेळात जवळपास सारखं द्रव भरायला हवं. पाच टक्क्यांच्या आत फरक असेल तर चांगलं. फवारा धुक्यासारखा आणि सरळ पडायला हवा, एखादी जाड धार सुटत असेल तर भोकं बुजलेली आहेत. शेवटी दाब ठेवून इंजेक्टर बंद अवस्थेत धरायला सांगा. मिनिटाला एका थेंबापेक्षा जास्त गळत असेल आणि साफ केल्यावरही तसंच असेल, तर तो बाद. अल्ट्रासोनिकनंतर वरची जाळी नवी घालायला विसरू देऊ नका. घाण निघते ती तिथेच अडकून बसते.

घरी करायचं तर टोकावर कार्ब क्लीनर फवारून मऊ ब्रशने पुसणं एवढंच. भोकात तार, पिन, सुई कधीच घालू नका. भोकाचा व्यास जरा वाढला की फवारा कायमचा बिघडतो. बॅटरी जोडून इंजेक्टर उघडा ठेवत आतून क्लीनर मारायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ज्वालाग्राही फवारा आणि बॅटरीची ठिणगी हाताच्या अंतरावर ठेवणं मला मुळीच पटत नाही, शिवाय थेट १२ व्होल्टवर जास्त वेळ धरला तर कॉइल तापून जाते.

कॉइल तुटलेली, गळती थांबत नाही किंवा साफ करूनही प्रवाह कमी, या तीन कारणांसाठी नवा घ्या. एकच बदलायचा की सगळे? बाकीच्यांचा टेस्टचा आकडा चांगला असेल आणि नवा त्यांच्याशी जुळत असेल तर एक पुरतो. सगळे एकत्र बदला असं सरसकट सांगणाऱ्याला आधी टेस्टचे आकडे विचारा.

खरेदी इंजेक्टरच्या अंगावर छापलेल्या पार्ट नंबरावरून करा. दिसायला सारखा, कनेक्टरही तोच, पण प्रवाह वेगळा, असं सर्रास असतं. डब्याविना, पार्ट नंबर खोडलेला स्वस्त संच घेऊ नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या मालाच्या बाजारातून चांगल्या गाडीचा निघालेला मूळ इंजेक्टर आणणं मला अशा नकली नव्यापेक्षा बरं वाटतं, फक्त तो टेस्ट करून आणि नव्या ओ-रिंगा घालूनच बसवायचा.

बसवणं

जुन्या ओ-रिंगा कितीही चांगल्या दिसोत, पुन्हा वापरू नका. एकदा दबून त्यांनी आकार घेतलेला असतो. नव्या रिंगांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा. ग्रीस नको, सिलिकॉन किंवा गास्केटचं सीलंट तर नकोच. त्याचा तुकडा सुटून टोकात अडकतो.

इंजेक्टर रेलमध्ये किंचित पिळत सरळ दाबा, क्लिप बसल्याचा ‘टक्’ ऐका. मॅनिफोल्डवरची फडकी काढा, मोजून काढा. सगळे इंजेक्टर आपापल्या भोकावर आले की रेल दोन्ही हातांनी सारखी दाबा. बोल्ट आधी बोटांनी आटे धरेपर्यंत फिरवा. ॲल्युमिनियमचे आटे गेले तर काम दुपटीने वाढतं.

पूर्ण आवळण्याआधी एक खूण बघून घ्या, नवख्या हातांना सगळ्यांत उपयोगी: प्रत्येक इंजेक्टर दोन बोटांत धरून फिरवा. तो थोडा चिकट लागला तरी सहज फिरायला हवा. अडकत असेल तर आत ओ-रिंग मुडपली किंवा कापली गेली आहे. रेल पुन्हा वर काढा, रिंग बदला, पुन्हा बसवा. फिरला तर बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, मग इंजेक्टर फिरवून कनेक्टरच्या दिशेला आणा, पेट्रोलचा पाइप ‘टक्’ होईपर्यंत दाबा आणि ओढून खात्री करा. कनेक्टर नंबराप्रमाणे लावा.

गळतीची परीक्षा

हा भाग गाळून कुणीही सेल्फ मारायचा नाही. रिले परत लावा, बॅटरी जोडा. चावी फक्त ऑन करा. मागून पंपाचा दोन-एक सेकंद गुरगुरणारा आवाज येईल. ऑफ करा. असं तीन-चार वेळा करा म्हणजे रेलमध्ये पूर्ण दाब येईल. आता टॉर्च घेऊन पाइपचा सांधा आणि प्रत्येक इंजेक्टरचं वरचं टोक बघा. कोरड्या टिश्यूचं टोक प्रत्येक सांध्याभोवती फिरवा. डोळ्याला न दिसणारा ओलावाही कागदावर उमटतो. पाच मिनिटं थांबून पुन्हा फिरवा. डागही दिसला तर दाब काढून रिंग तपासा. ‘थोडं आवळून बघू’ हा उपाय इथे नाही, कारण गळती बोल्ट थोपवत नाही, रिंग थोपवते.

कोरडं असेल तर गाडी सुरू करा. पहिल्यांदा सेल्फ जरा जास्त घेईल, रेलमधली हवा निघेपर्यंत अडखळेलही. चालू गाडीवर सांधे पुन्हा बघा. आयडलिंगला मॅनिफोल्डच्या बाजूने फुसफुस ऐकू आली तर खालची एखादी रिंग नीट बसलेली नाही.

जुने कोड पुसा आणि आठ-दहा किलोमीटर शहरात, थोडी हायवेला अशी गाडी फिरवा. बॅटरी काढल्यामुळे ईसीएमने शिकलेलं पुसलं गेलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला आयडलिंग वर-खाली झालं तर घाबरू नका. थोडं अंतर चालल्यावर बसतं. घरी आल्यावर बॉनेट उघडून वास घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर पुन्हा एकदा टिश्यू फिरवा, कारण गार रिंग आकसते आणि किरकोळ गळती तेव्हाच उघडी पडते. आठवड्याने ट्रिमचे आकडे आधीच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा.

पेट्रोलने भिजलेली फडकी घरात किंवा कचऱ्याच्या डब्यात नेऊ नका. मोकळ्या जागी, उन्हाच्या आणि माणसांच्या वाटेपासून दूर पसरून पूर्ण वाळू द्या, मगच टाका.